एकोणऐंशीनं लावलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं ईमेल खातं आहे. कॉलेजनं काढून दिलं म्हणून मी कॉलेजचं, आणि एका मुलीच्या नावानं काढलं म्हणून मी तिचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते खोटं नाही. माझं नावच बघा. म्हणायला 'खातं', पण आजवर मी काही खाल्लेलं मला आठवत नाही. बोलणी मात्र पुष्कळ खाल्ली.

आणखी एक खुलासा आधीच करून टाकतो. व्याकरणानं मला 'ते' ठरवलं आहे. पण 'ते रागावलं' म्हटलं की एखादं लहान मूल फुरंगटून बसल्यासारखं वाटतं. माझा राग तसा नाही. तो चांगला पिकलेला, कारणासकटचा राग आहे. म्हणून मी 'रागावलो' असंच म्हणणार. व्याकरणवाल्यांनी हवं तर मला पत्र लिहावं. तेवढं एक काम मला नीट येतं.

माझा जन्म कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाच्या गर्दीत झाला. एका टेबलाशी संगणक घेऊन जे गृहस्थ बसले होते, त्यांना सारं कॉलेज 'नियमानुसार' म्हणायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर या शब्दानं सुरू व्हायचं आणि बहुधा याच शब्दावर संपायचं. त्यांनी माझ्या मालकिणीला फोन नंबर विचारला. तिच्याकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. तिनं आईचा नंबर दिला आणि नियमानुसारांनी तो माझ्या कपाळावर कायमचा लिहिला.

त्या नंबराचं काय काम, ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. कॉलेजच्या आवारात मला उघडायला नुसता पासवर्ड पुरे. पण मालकिणीचं पाऊल फाटकाबाहेर पडलं की ती चोर ठरते. मग पासवर्ड बरोबर असला तरी भागत नाही. नोंदवलेल्या फोनवर एक ओटीपी जातो, सहा आकडी, आणि तो टाकल्याशिवाय दार उघडत नाही. माझा या व्यवस्थेशी संबंध नाही, हे मी ठणकावून सांगतो. मी घर आहे. कुलूप दुसऱ्यांनी लावलेलं आहे.

पहिली दोन वर्षं बरी गेली. ती ग्रंथालयात खिडकीजवळच्या संगणकावर बसायची आणि आधी मला उघडायची. बांधकाम शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा तिच्या आराखड्यावर 'मापं अचूक आहेत' असं लिहून पाठवलं, ते पत्र तिनं इतक्या वेळा उघडलं की मलाच संकोच वाटायला लागला. तिला वाटलं असेल, मापं अचूक असणारच, मी शिंप्याच्या घरातली. तिच्या आईचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं आणि वडील त्याच दुकानात मागच्या टेबलावर इस्त्री करायचे.

मग माझा मान कमी झाला. मैत्रिणींच्या गप्पा फोनवर गेल्या आणि माझ्या वाट्याला उरल्या कॉलेजच्या सूचना. पाण्याची टाकी धुणार आहेत, नळ बंद राहतील. निळी छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. तीच छत्री अजून पडून आहे, ओळख पटवून न्यावी. वसतिगृहाच्या जिन्यात सायकली ठेवू नयेत. मित्रांनो, रोज असली पत्रं आली तर कोणता शहाणा माणूस दार उघडेल? उघडलं नाही की हीच माणसं म्हणणार, मुलं मेल बघत नाहीत. आधी उकिरडा करायचा आणि मग त्यातला मोती का वेचला नाही म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय?

फोनचा नंबर बदलून घे, असं तिच्या मैत्रिणीनं तिला अनेकदा सांगितलं. तिला स्वतःचा फोन मिळालाही होता. पण नंबर बदलायला अर्ज, अर्जावर विभागप्रमुखांची सही, आणि तो अर्ज स्वीकारायची वेळ नेमकी प्रयोगशाळेच्या तासाची. आज करू, उद्या करू करता करता ते राहून गेलं. मला तिचाही राग आला होता. पण खरं सांगायचं तर अर्धा राग तिचा आणि अर्धा त्या वेळापत्रकाचा.

तिसऱ्या वर्षी कॉलेजनं तिला सहा महिने एका पुलाच्या कामावर प्रशिक्षणाला धाडलं. ठिकाण दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगरांच्या बेचक्यात. खाली नदी, वर अर्धवट खांब, आणि काठाला पत्र्याच्या खोल्या. तिचं काम काँक्रीटचे ठोकळे भरायचं. रोजच्या मालातून थोडा माल लोखंडी साच्यात भरायचा, ठोकळा झाला की तारीख घालून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी यंत्रात दाबून बघायचा, केवढा भार सोसतो ते. हे काम तिला मनापासून आवडलं. मला ठाऊक आहे, कारण अहवाल ती माझ्यातूनच पाठवायची.

अहवाल पाठवायला ती सेंट्रिंगच्या फळ्यांच्या थप्पीवर चढायची. तिथेच फोनला एखादी दांडी यायची, बाकी सगळीकडे नेटवर्कनंच दांडी मारलेली. मजूर त्या थप्पीला टेलिफोन ऑफिस म्हणत. मुकादम तर कुणी चढताना दिसलं की विचारायचा, "काय, ट्रंककॉल का?" शेजारीच मिक्सर घरघरत असायचा. पण तिच्या फोननं मला आधीच ओळखून ठेवलं होतं, त्यामुळे ओटीपीची भानगड उद्भवत नव्हती आणि आमचं बरं चाललं होतं.

एके दिवशी ती टाकीत वाकून ठोकळा काढत होती आणि खिशातला फोन पाण्यात पडला. ठोकळ्याला पाणी लागतं, फोनला लागत नाही. तो गेला तो गेलाच.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, ते पत्र आलं.

पत्र छोटं होतं. बाहेर प्रशिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाला परत येणार असल्याचं याच खात्यावरून उत्तर देऊन कळवावं. शनिवारी कार्यालय बंद होईपर्यंत उत्तर न आल्यास जागा प्रतीक्षेतल्या विद्यार्थ्याला दिली जाईल आणि पुढच्या वर्षापर्यंत प्रवेश मिळणार नाही. बस, एवढंच. कुणाचं अख्खं वर्ष जाऊ शकतं असं पत्र, आणि ते कुठे टाकलं होतं? छत्रीच्या आणि टाकीच्या मध्ये.

मी काय करणार? मला ओरडता येत नाही. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरांत दाखवायचं, हाच माझा आवाज. मी ते ठळक करून बसलो. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारीही कुणी आलं नाही. इतकी वर्षं टाकीच्या पत्रांनी मला छळलं होतं, पण इतका हतबल मी कधी झालो नव्हतो.

गुरुवारी तिला मुकादमाच्या ओळखीनं एक जुना फोन मिळाला. ती दुपारी थप्पीवर चढली आणि पासवर्ड टाकला, एका दमात, न चुकता. ती बोटं मी लाखात ओळखली असती. पण माझ्या ओळखीला विचारतो कोण? नवा फोन, परका डोंगर, म्हणजे संशयित. ओटीपी सुटला आणि थेट तिच्या आईच्या दुकानात जाऊन पोहोचला.

पुढचं मी पाहिलं नाही. पण ते सगळं तिनं नंतर मैत्रिणीला माझ्यातूनच लिहिलं, त्यामुळे शब्दन् शब्द माझ्याकडे आहे.

आई एका मुलाच्या खांद्याचं माप घेत होती. गळ्यात टेप, कानावर खडू. एका फोनवर लेक बोलतेय आणि त्याच फोनवर ओटीपी आलाय, म्हणून तिनं चष्मा चढवला आणि वाचलं, "हं, घे. एकोणऐंशी, बेचाळीस, त्रेसष्ट."

आता मित्रांनो, नीट ऐका. आई शिंपी. आयुष्यभर तिनं आकडे जोडीनंच म्हटले. छाती चौतीस, उंची अडतीस, बाही बावीस. मापं सांगताना कुणी 'तीन, चार' म्हणत नाही. लेक याच दुकानात वाढली, म्हणून एकोणतीस आणि एकोणचाळीस तिला झोपेतही कळतात. पण पुढचं काय? शाळेत तिचे पाढे इंग्रजीतून झाले आणि दुकानातले आकडे पन्नाशीच्या आसपास संपतात. एकोणऐंशी छातीचं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. मिक्सरच्या घरघरीत तिला 'ऐंशी' ऐकू आलं आणि 'एकोण' म्हणजे नवाचं काहीतरी, एवढं आठवलं. ऐंशी आणि नऊ. तिनं टाकलं एकोणनव्वद.

एकोण म्हणजे एक उणा. ऐंशीला एक उणा. पण हे त्या थप्पीवर तिला कोण सांगणार होतं? दार उघडलं नाही.

"आई, चुकलं बहुतेक. परत पाठवते, परत सांग."

"परत सांगते. छत्तीस, एकोणसत्तर, अठ्ठावीस."

छत्तीस बरोबर. अठ्ठावीस बरोबर. मधे एकोणसत्तर, तिथे तिनं सत्तरावर नऊ चढवले. पुन्हा चूक.

"आई, जोडीजोडीनं नको गं सांगूस. एकेक सांग."

"एकेकच तर सांगतेय."

"अगं एकेक आकडा."

"मग काय तीन-तीन आकडे सांगतेय का? छत्तीस. हा एक झाला. एकोणसत्तर. हा दुसरा."

"तो एक नाही, ते दोन आहेत."

"एकोणसत्तर दोन कधीपासून झाले?"

मागच्या टेबलावरून वडील म्हणाले, "घाई करू नका गं. दोघी शांतपणे बोला." इस्त्रीवाल्या माणसाला प्रत्येक गोष्ट सावकाश दाबली की सरळ होते असं वाटतं. पण ओटीपीचं तसं नसतं. तो दुधासारखा नासतो. तिसरा ओटीपी आला, तेव्हा आईला अखेर उमगलं की लेकीला काय हवंय, आणि तिनं तो सुटा सुटा सांगितला. लेकीनं सहाही आकडे अगदी बरोबर टाकले. पण एकेक म्हणजे काय, यावर मायलेकींचा वाद होईपर्यंत तो शिळा झाला होता.

तीन चुका झाल्या आणि मला कुलूप लागलं.

चोरानं नाही, दरोडेखोरानं नाही, एकोणऐंशीनं लावलं. आत मी, माझ्या पोटात ते पत्र, आणि दाराबाहेर माझी मालकीण. तिला तर पत्र आलंय हेही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, जाऊ दे, चार दिवसांनी बघू. ती थप्पीवरून उतरली आणि ठोकळे भरायला गेली.

शुक्रवारी मैत्रिणीचा फोन लागला. "उत्तर पाठवलंस ना?"

"कसलं उत्तर?"

मैत्रिणीनं सांगितलं. तेव्हा कुठे तिला कळलं की उद्या संध्याकाळी आपलं वर्ष जाणार आहे. तिनं थप्पीवरूनच कार्यालयाला फोन लावला. नियमानुसारांनी उचलला.

"सर, माझं खातं लॉक झालंय. मला परत यायचंय, तेवढं लिहून घ्या ना."

"नियमानुसार उत्तर त्या खात्यावरूनच यायला हवं."

"पण खातं उघडत नाहीये."

"मग ते उघडून घ्या. त्यासाठी अर्ज करा."

"कुठे करू?"

"ईमेलनं. कॉलेजच्या खात्यावरून."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "सर, तेच खातं बंद आहे."

"तर मग प्रत्यक्ष या. ओळखपत्र घेऊन."

"मी दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तुमचं पत्र सोमवारी आलं, मला आज कळलं."

"पत्र वेळेत पाठवलेलं आहे. नियमानुसार, पाठवलं म्हणजे पोहोचलं."

मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. पोहोचलं? कुठे पोहोचलं? माझ्यापर्यंत पोहोचलं, हे खरं. पण माझ्या नावानं पत्र होतं का? मला बांधायचा होता का पूल? माझं वर्ष जाणार होतं का? किल्ली हरवलेल्या घराच्या आत चिठ्ठी टाकायची आणि घरमालकाला म्हणायचं, तुम्हाला कळवलं होतं. आणि त्या किल्लीसाठी अर्ज कुठून करायचा? तर त्याच घरातून. ज्यानं हा नियम केला त्याला एकदा स्वतःच्या घराबाहेर उभं करायला हवं, पावसात, ती निळी छत्री न देता.

तिनं आईला फोन केला. रडली नाही, पण आवाज रडण्याच्या काठावर होता. "आई, माझं वर्ष गेलं." आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो ओटीपी यायचा तो माझ्याच फोनवर ना?"

"हो."

"मग फोन घेऊन मी जाते."

"तुला नाही उघडून देणार गं ते."

"बघते मी. तू तुझे ठोकळे भर."

शनिवारी सकाळी तिनं दुकान इस्त्रीवाल्यांच्या भरवशावर टाकलं आणि पहिली बस पकडली. शाळा उघडायचे दिवस, अर्धे गणवेश बटणांवाचून पडलेले. ती कार्यालयात पोहोचली तेव्हा नियमानुसार जेवणाचा डबा बंद करत होते.

"खातेदार समोर हवी," ते म्हणाले.

"ती पुलावर आहे. तुम्हीच धाडलंय तिला."

"मी नाही, विभागानं."

"विभाग काय माझ्या घरचा आहे? मी कुणाकुणाला ओळखू? तुम्ही समोर बसलाय, मी तुम्हाला विचारणार. ते पत्र माझ्या मुलीनं वाचलं का?"

"पाठवलेलं आहे बाई. पाठवलं म्हणजे..."

"पोहोचलं. सांगितलंय तिनं मला." आईनं फोन टेबलावर ठेवला. "मी गणवेश शिवते. शिवला म्हणजे बसला, असं म्हणून मी कुणाच्या हातात पुडकं दिलं, तर दुसऱ्या दिवशी पोराची आई माझ्या दारात उभी राहील. मी पोराला घालून बघायला लावते. हात वर कर म्हणते, वाक म्हणते. तुम्ही एवढं मोठं पत्र पाठवलंत आणि कुणाला घालूनच बघितलं नाहीत?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. नियमानुसार हसले नाहीत. "नियम आहे," ते म्हणाले. "मी काय करू?"

"मग तो नियम मला वाचून दाखवा."

आजवर त्यांना हे कुणी म्हटलं नसावं. नियम सांगायचा असतो, तो वाचून दाखवायचा असतो का? पण आई खुर्ची ओढून बसली होती आणि बसची तिला घाई दिसत नव्हती. त्यांनी नाइलाजानं नियमावली उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. "बंद झालेलं खातं उघडण्यासाठी खातेदारानं स्वतः उपस्थित राहावं, किंवा..."

आणि ते थांबले.

"किंवा काय?" आईनं विचारलं.

ते मनातल्या मनात पुढचं वाचत होते. इतकी वर्षं ते त्या स्वल्पविरामापाशी थांबत आले होते. "किंवा," ते हळू आवाजात म्हणाले, "नोंदवलेला फोन ज्याच्याकडे असेल त्यानं त्यावर आलेला ओटीपी कार्यालयात दाखवावा."

मला सांगा, किती मुलं या एका 'किंवा'पायी परत गेली असतील? किती जणांनी दोन-दोन दिवसांचा प्रवास केला असेल? मी हे विचारतो, पण मला उत्तर कोण देणार? मी खातं आहे. माझ्याकडे पत्रं येतात, उत्तरं येत नाहीत.

फोन टेबलावरच होता. ओटीपी आला, त्यांनी स्वतः बघून टाकला, आईनं लेकीकडून विचारून आणलेला पासवर्डही घातला आणि कुलूप निघालं. किती दिवसांनी माझ्या अंगाला वारा लागला. मी सगळं बाजूला सारून ते पत्र पुढे केलं, ठळक, जेवढं होता येईल तेवढं ठळक. नियमानुसारांनी ते आईला वाचून दाखवलं. घड्याळ त्यांच्या डोक्यावर होतं आणि कार्यालय बंद व्हायला फार वेळ नव्हता.

"आता उत्तर मुलीनं द्यायला हवं," ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी आपण होऊनच पत्र पुन्हा वाचलं. तिथे फक्त 'याच खात्यावरून' असं होतं. कुणाच्या बोटांनी, ते लिहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची सरकवली आणि मराठी अक्षरं उमटतील अशी व्यवस्था करून दिली. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आईनं एका बोटानं लिहायला घेतलं. सुईत दोरा ओवताना माणूस जसा ओठ मिटून घेतो, तसे तिनं मिटले होते. एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं:

'माझी मुलगी तुमच्याच कामाला पुलावर गेली आहे. ती परत येणार आहे. तिची जागा कुणाला देऊ नका. तिची आई.'

नियमानुसारांनी मागून वाचलं. "शेवटी 'ही नम्र विनंती' असं घाला," ते म्हणाले. "तशी पद्धत आहे."

"विनंती नाही ही," आई म्हणाली. "सांगतेय मी."

आणि तिनं पाठवायचं बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्यातून हजारो पत्रं गेली. 'आपला आज्ञाधारक', 'आपल्या कृपेची अपेक्षा', 'कृपया सोबत जोडलेलं पाहावं', आणि सोबत काही जोडायलाच विसरलेली. पण त्या दिवशी जे पत्र मी घेऊन गेलो, तसं त्याआधी कधी नेलं नव्हतं. थोड्याच वेळात उलट उत्तर आलं: नोंद घेतली आहे. जागा राहिली. वर्ष वाचलं.

आईनं पाणीसुद्धा न मागता परतीची बस पकडली. गणवेश बटणांवाचून पडले होते ना.

सोमवारी तिनं दुकानात फोन लावला, थप्पीवर बसून मला उघडलं आणि पाठवलेल्या पत्रांत आपण न लिहिलेलं पत्र तिला दिसलं. या वेळी ओटीपी पहिल्या दमात लागला होता. आईनं आकडे इतके सुटे सांगितले होते की दोन आकड्यांच्या मधे माणूस जेवून यावा. तिनं त्या चार ओळी वाचल्या. मुकादमानं खालून हाक मारली, माल आलाय म्हणून. "येते," ती म्हणाली आणि तरी बराच वेळ आली नाही.

परत आल्यावर तिनं सगळ्यात आधी नंबर बदलायचा अर्ज दिला. प्रयोगशाळेचा तास बुडवून. शेवटचं वर्ष झालं, पदवी मिळाली, आणि जे व्हायचं तेच झालं. तिला नोकरीच्या ठिकाणी नवं खातं मिळालं. ती आता दुसऱ्या कुठल्या तरी नदीवर दुसरा पूल बांधते आहे. मला तिनं उघडल्याला बराच काळ लोटला. तिला दोष देत नाही. पाण्याच्या टाकीची सूचना वाचायला कोण परत येईल?

मग मी आज का बोलतोय? कारण कॉलेजनं ठरवलं आहे की जुन्या विद्यार्थ्यांची खाती या सत्राअखेर पुसून टाकायची. जागा लागते म्हणे. आणि ही बातमी तिला कळवायची कशी, तर त्यांनी ती माझ्याकडेच पाठवली. ते पत्र माझ्यात सगळ्यात वर आहे, ठळक, आणि ते वाचायला कुणी नाही.

टाक्या पुसा, छत्र्या पुसा, मला काही वाटणार नाही. उलट हलका होईन. पण त्यांच्याबरोबर त्या चार ओळीही जाणार. तिच्या आईनं त्याआधी किंवा त्यानंतर कुणालाही पत्र लिहिलेलं मला ठाऊक नाही. ती फोनवर बोलते, दुकानातून ओरडते, हातानं दाखवते. लिहिते ती फक्त खडूनं, कापडावर, आणि ते धुतल्यावर जातं. तिच्या हातचं टिकलेलं लेखन जगात एवढंच आहे आणि ते माझ्याजवळ आहे. ज्यांना किंवाच्या पुढचं वाचायची सवय नाही, त्यांच्या हाती ते पुसायचं बटण आहे. याचा मला संताप येतो. राग म्हणत होतो ना, तो हा.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमचंही असं एखादं खातं कुठेतरी पडलं असेल. ते त्रास देईल, ओटीपी मागेल, पासवर्ड आठवत नाही म्हणून अपमान करेल. तरीही आज उघडा. आत शंभर गोष्टी कचऱ्याच्या असतील, त्या राहू द्या. आपल्या माणसाचं एखादं असेल, ते काढून घ्या.

आणि एखाद्या पुलावर ठोकळे भरताना ती तुम्हाला भेटलीच, तर तिला सांगा. मला वाचवू नकोस म्हणावं, माझं काय, मी खातं आहे. पण सत्र संपायच्या आत ये, आणि तुझ्या आईचं पत्र घरी घेऊन जा.